तीन हिवाळे आणि एक टायर

जुरोंग ईस्ट हे सिंगापूरच्या पश्चिम भागातील उपनगर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरांवर आहे, आणि हिवाळा नावाच्या ऋतूशी त्याचा कधी संबंध आलेला नाही. सबंध बेटाच्या दप्तरी नोंदलेले नीचतम तापमान १९ अंश सेल्सियस असून, तेही १९८९ सालच्या फेब्रुवारीत पाया लेबार येथे नोंदले गेले. असे असताना हिम आणि बर्फ या दोन्ही वस्तू वीज खर्चून निर्माण करण्याची हौस मात्र याच उपनगराने भागवून घेतली. येथील विज्ञान केंद्राच्या शेजारी २००० साली ‘स्नो सिटी’ उघडली. तिच्या मोठ्या दालनात तापमान उणे पाच अंशांच्या आसपास ठेवून कृत्रिम हिमाचा थर पसरलेला असे आणि लोक अंगावर भाड्याचे जाड कोट चढवून रबरी कड्यांवर बसून घसरत असत. पुढे २०१२ साली रेल्वे स्थानकानजीकच्या जेक्यूब या बाजार-इमारतीत साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असे, सिंगापुरातील पहिले ऑलिंपिक मापाचे बर्फाचे मैदान झाले, ते इमारतीबरोबरच २०२३ सालच्या ऑगस्टात बंद पडले. एकीकडे भुसभुशीत हिम आणि दुसरीकडे आरशासारखा कठीण बर्फ, अशा या दोन जागा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर होत्या. पण घर्षणाच्या दृष्टीने त्यांच्यातील अंतर फार मोठे होते, आणि प्रस्तुत लेखाचा सारा विषय त्या अंतरात सामावलेला आहे.

अशा गावी राहणाऱ्या मराठी माणसाने हिवाळी टायरांची उठाठेव का करावी, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर डिसेंबरच्या शालेय सुटीत मिळते. त्या सुटीत येथील कितीतरी कुटुंबे जपानच्या होक्काइदो बेटावर जातात, न्यू चितोसे विमानतळावर भाड्याची मोटार ताब्यात घेतात, तेथेही वाहने डाव्याच बाजूने चालतात हे पाहून निश्चिंत होतात, आणि ज्या गृहस्थाने उभ्या जन्मात खंडाळ्याच्या घाटातील धुके आणि सिंगापूरची दुपारची सर याहून मोठे संकट रस्त्यावर पाहिलेले नसते, तो गृहस्थ संध्याकाळी साप्पोरोच्या चौकात गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक दाबतो. त्याच्या स्वतःच्या मोटारीला घरी कदाचित ‘ऑल-सीझन’ टायर असतात. त्या शब्दावर विसंबून हिवाळ्याचा मामला आपल्याला ठाऊक आहे असा त्याचा समज झालेला असतो. तो समज तपासून पाहिला पाहिजे. थंडी, हिम आणि बर्फ या तीन स्वतंत्र परीक्षा आहेत; वेगवान मोटारींसाठी घडविलेला सर्वऋतू टायर पहिलीत चांगला, दुसरीत कामापुरता आणि तिसरीत जवळजवळ निरुपयोगी ठरतो, आणि ‘सर्वऋतू’ या एका विशेषणाच्या पोटात व्यापाऱ्याने हे तिन्ही निकाल एकत्र बांधून टाकले आहेत.

रबर आणि ऋतू यांचे वैर जुने आहे. १८३० च्या सुमारास अमेरिकेत कच्च्या रबराच्या वस्तूंचे मोठे खूळ माजले होते. परंतु ते रबर उन्हाळ्यात वितळून चिकट होई आणि हिवाळ्यात कडक होऊन तडकत असे, त्यामुळे त्या धंद्यात कित्येकांचे दिवाळे निघाले. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याने रबरात गंधक मिसळून ते तापविण्याची क्रिया शोधली, तेव्हा कोठे हा पदार्थ दोन्ही ऋतूंत वापरण्याजोगा झाला. त्या अर्थाने पहिले सर्वऋतू रबर त्याचेच म्हटले पाहिजे. पुढील कथेत सिंगापूरचा वाटा मोठा आहे. ब्राझीलमधून विलायतेत नेलेल्या बियांपासून वाढविलेली २२ रोपे १८७७ साली येथे पोहोचली, आणि १८८८ पासून येथील वनस्पती-उद्यानाचा कारभार पाहणाऱ्या हेन्री रिडले याने झाड न मारता सालीवर तिरकस छेद घेऊन चीक काढण्याची पद्धत बसविली. भेटेल त्या मळेवाल्याच्या हाती रबराच्या बिया कोंबण्याच्या त्याच्या आग्रहामुळे लोक त्याला वेडा रिडले म्हणत. जुरोंगच्या परिसरातही रबराचे मळे होते. १९६१ नंतर औद्योगिक वसाहत उभी राहू लागली तेव्हा ते गेले. रबराचे भाव मात्र अद्यापि बऱ्याच अंशी सिंगापूरच्या वायदेबाजाराकडे पाहून ठरतात.

आता पहिला हिवाळा, म्हणजे नुसती थंडी. रबराचे लवचिकपण त्याच्या लांबलचक रेणुसाखळ्यांच्या सततच्या वळवळीमुळे असते; तापमान उतरत गेले की ही वळवळ मंदावते, आणि एका विशिष्ट तापमानाला साखळ्या जागच्या जागी थिजून पदार्थ काचेसारखा कठीण व ठिसूळ होतो. नैसर्गिक रबराच्या बाबतीत हे तापमान उणे सत्तर अंशांच्या आसपास, पॉलिब्युटाडाइनच्या बाबतीत उणे शंभराच्या आसपास, आणि मोटारीच्या टायरांत विपुल वापरल्या जाणाऱ्या स्टायरीन-ब्युटाडाइन रबराच्या बाबतीत, मिश्रणाच्या प्रमाणानुसार, साधारण उणे पन्नासच्या आगेमागे असते. मग उन्हाळी टायर सात अंशांखाली गेला की त्याचा भरवसा धरू नये, असे टायरवाले सांगतात ते कशाच्या आधारावर? उणे पन्नास कोठे आणि अधिक सात कोठे! जाणत्या वाचकालाही येथे विसंगती वाटते, आणि तिचा उलगडा या सर्व विषयातील सर्वांत रमणीय भाग आहे.

रबराला तापमान आणि वेळ या दोन गोष्टी वेगळ्या कळत नाहीत. डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग खडीच्या मोठ्या दाण्यांचा आणि त्या दाण्यांवरील अतिसूक्ष्म खडबडीतपणाचा बनलेला असतो. ब्रेक दाबल्यावर टायरचा तळ रस्त्यावर सेकंदाला एक मीटर इतका जरी सरकला, तरी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या उंचवट्यांवरून जाताना त्याच्या पृष्ठभागाला सेकंदाला एक लाख वेळा दबावे आणि सुटावे लागते. इतक्या त्वरेने वळण्यास रेणुसाखळ्यांना सवड मिळत नाही, आणि सवड न मिळणे व थंडीने थिजणे यांचा परिणाम एकच होतो. विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तीन शास्त्रज्ञांनी १९५५ साली वेळ आणि तापमान यांच्या या अदलाबदलीचे सूत्र मांडले. त्याचा अर्थ असा की, हाताला मऊ लागणारे रबर रस्त्यावर घसरताना आपल्या काचावस्थेच्या कित्येक अंश जवळ गेलेले असते. ओल्या रस्त्यावर उत्तम पकड मिळावी म्हणून वेगवान मोटारींच्या उन्हाळी टायरांत रसायनज्ञ ही अवस्था मुद्दाम जवळ आणून ठेवतात, कारण तिच्या उंबरठ्यावरचे रबर सर्वांत अधिक ऊर्जा शोषते. परंतु त्यामुळे हवा गार झाली की ते रबर उंबरठा ओलांडून पलीकडे जाते. सात अंश हा आकडा निसर्गाचा नियम नसून व्यवहाराचा ठोकताळा आहे. शर्यतीच्या जातीच्या काही टायरांबाबत तर कारखानदार असे बजावून ठेवतात की, पारा उणे सातच्या आसपास उतरला असता मोटार जागची हलवूसुद्धा नये, कारण तळाला भेगा पडण्याचा संभव असतो.

सर्वऋतू टायरात हा उंबरठा पुन्हा दूर सारलेला असतो. मिश्रणात पॉलिब्युटाडाइनचे प्रमाण वाढवून, आणि काजळीऐवजी बऱ्याच अंशी सिलिका घालून, थंडीत मऊ राहणारे व तरीही ओल्या रस्त्यावर धरणारे रबर तयार करता येते. मिशलँ कंपनीने १९९२ साली सिलिकाचा हा उपयोग बाजारात आणला आणि पुढे सर्वांनी तो उचलला. म्हणूनच दोन-तीन अंश तापमानातल्या कोरड्या किंवा नुसत्या ओल्या रस्त्यावर हा टायर खरोखर भरवशाचा असतो, आणि मऊ तळाच्या अस्सल हिवाळी टायरापेक्षा वळणावर तो अधिक ठाम वागतो, हे कबूल केलेच पाहिजे. जाता जाता आणखी एक गोष्ट: हवेचा दाब तापमानाबरोबर उतरतो. एकतीस अंशांत तेहतीस पौंड भरलेला टायर उणे पाच अंशांत हिशेबाने सत्तावीस पौंडांच्या आसपास भरतो. तेव्हा थंडीत हवा तपासणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तोच सर्वांत कमी लोक करतात.

दुसरा हिवाळा हिमाचा. येथे रसायनाइतकीच टायरच्या तळावरील नक्षी कामाला येते, आणि तिचे काम वाटते त्याच्या उलट चालते. पावसात खाचांनी पाणी बाहेर फेकून द्यावे लागते. हिमात मात्र त्यांनी हिम आत धरून ठेवावे लागते. मुठीत दाबल्यावर रव्याचा लाडू वळला जावा तसे ताजे हिम खाचांत दाबले जाऊन घट्ट होते, त्याचा रस्त्यावरच्या हिमाशी सांधा बसतो, आणि चाक पुढे सरकण्यासाठी तो सांधा कातरून तोडावा लागतो. मोटारीला पुढे ढकलणारी किंवा थांबविणारी शक्ती ती हीच. हिमाला हिमच सर्वांत चांगले धरते. याखेरीज तळाच्या ठोकळ्यांवर ब्लेडने ओढल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या ‘साइप’ या नावाने ओळखल्या जातात, कारण १९२३ साली जॉन साइप या अमेरिकी गृहस्थाने अशा चिरांचे पेटंट घेतले. खाटीकखान्याच्या निसरड्या फरशीवर वावरताना आपल्या बुटांच्या तळव्यांना चिरा पाडण्याची कल्पना त्याला सुचली, अशी कथा सांगतात. भार पडला की प्रत्येक चीर किंचित उघडते आणि तिची धार हिमात रुतते. मात्र जितक्या चिरा अधिक तितका ठोकळा लेचापेचा, आणि वेगाने वळताना तो वाकतो. वेगवान मोटारींच्या सर्वऋतू टायरात म्हणून चिरा मोजक्या असतात, त्यांच्या आतील भिंती एकमेकींत अडकतील अशा नागमोडी घडविलेल्या असतात, आणि कडेचे ठोकळे भरीव ठेवलेले असतात. या तडजोडीचे मूल्य हिमावर चुकते करावे लागते.

टायरच्या कडेवरील खुणा या बाबतीत सनदेसारख्या वाचल्या जातात, त्यांचा खुलासा केला पाहिजे. ‘एम प्लस एस’ हे चिखल आणि हिम सुचविणारे अक्षरचिन्ह कारखानदार नक्षीतील खाचांच्या प्रमाणावरून स्वतःच उमटवितो. त्यामागे कोणतीही चाचणी नाही. याउलट तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाची पाकळी असे जे चिन्ह १९९९ पासून रूढ झाले, ते दाबलेल्या हिमावरील प्रत्यक्ष चाचणीत एका प्रमाणभूत टायरापेक्षा निदान दहा टक्के सरस ठरल्यावाचून मिळत नाही. जर्मनीने २०२४ सालच्या ऑक्टोबरापासून हिवाळी रस्त्यांसाठी नुसत्या अक्षरचिन्हाची वहिवाट संपुष्टात आणून डोंगराचे चिन्ह सक्तीचे केले. वेगवान जातीच्या पुष्कळशा सर्वऋतू टायरांवर आजही केवळ अक्षरचिन्ह असते, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे. आणि डोंगराचे चिन्हदेखील हिमाविषयीच बोलते. बर्फाविषयी ते अवाक्षर काढत नाही.

तिसरा हिवाळा तो बर्फाचा, आणि येथे बहुतेक शहाणपण निकामी होते. बर्फ निसरडा का, या साध्या प्रश्नाने मोठमोठ्या विद्वानांना छळले आहे. मायकेल फॅरडे याने १८५० साली, बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकविताच चिकटतात यावरून, त्यांच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूखालीही पाण्याचा अतिसूक्ष्म थर असला पाहिजे असे प्रतिपादन केले. त्याच सुमारास जेम्स थॉमसन याने दाबामुळे बर्फाचा वितलनबिंदू खाली येतो हे गणिताने दाखविले, आणि मग दाबाने बर्फ वितळतो व म्हणून आपण घसरतो, असा पाठ शाळांतून कितीतरी वर्षे शिकविला गेला. मोटारीपुरता तरी तो पाठ अगदीच लंगडा आहे: टायरचा दाब सव्वादोन वातावरणांच्या आसपास, त्याने वितलनबिंदू खाली येणार तो एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा. १९३९ साली बाउडन आणि ह्यूज यांनी घर्षणातून उत्पन्न होणाऱ्या उष्णतेकडे बोट दाखविले. आज पृष्ठभागावरील रेणूंची सैल बांधणी आणि घर्षणाची उष्णता या दोहोंना कारण मानतात. व्यवहारात यातून एक विलक्षण गोष्ट निघते. उणे वीस अंशांतील बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ कितीतरी अधिक दगा देतो, कारण त्यावर पाण्याचा थर तयारच असतो. दुपारी वितळून सायंकाळी पुन्हा गोठू लागलेला रस्ता हा भर थंडीतल्या रस्त्याहून वाईट, याचे कारण हेच.

या पाण्याच्या थरावर तीन इलाज आहेत. पहिला, बर्फात लोखंड रुतविणे: बर्फाच्या मैदानांवर पृष्ठभाग खरवडून त्यावर गरम पाणी पसरणारे जे यंत्र फिरते, त्याच्या टायरांना बहुधा खिळे असतात, आणि आपला तोल सांभाळण्याची चिंता खेळाडूंवर सोपवून ते डौलात फिरते. जपानातही मोटारींना असे खिळ्यांचे टायर सर्रास होते. परंतु हिमाविना उघड्या पडलेल्या डांबरावर ते खिळे घासून शहरांतून धुळीचे लोट उठू लागले, तेव्हा १९९० साली कायदा करून त्यांचा वापर बंद पाडण्यात आला. त्याचा एक अनपेक्षित परिणाम साप्पोरोच्या चौकांत झाला. पूर्वी खिळे बर्फ खरवडून ठेवीत असत. आता गुळगुळीत चाके सुटता-थांबताना त्याला घासून आरशासारखी जिल्हई देऊ लागली, आणि पादचाऱ्यांसाठी चौकाचौकांत वाळूच्या पेट्या ठेवण्याची तजवीज करावी लागली. दुसरा इलाज ब्रिजस्टोन कंपनीने १९८८ साली ‘ब्लिझॅक’ टायरात आणला: रबराच्या आतच असंख्य सूक्ष्म पोकळ्या ठेवावयाच्या, म्हणजे तळ झिजता झिजता त्या उघड्या पडून पाण्याचा थर शोषून घेतात. तिसरा इलाज म्हणजे पुष्कळ चिरा असलेले अत्यंत मऊ रबर, जे पाणी पुसून काढून बर्फाला चिकटते. होक्काइदोतील भाड्याच्या मोटारींना हिवाळ्यात या दुसऱ्या-तिसऱ्या जातीचे बिनखिळ्यांचे टायर लावलेले असतात. वेगवान सर्वऋतू टायरात यांपैकी खिळे नाहीत, पोकळ्या नाहीत, आणि मऊपण बेताचे आहे. बर्फावरील पकडीसाठी युरोपीय संघाने मे २०२१ पासून टायरांच्या पट्टीवर एक वेगळेच चिन्ह सुरू केले, यावरूनच हिम आणि बर्फ हे दोन खटले निराळे असल्याचे अधिकृतरीत्या मान्य झाले म्हणावयाचे.

आकड्यांनी हे सांगितल्यावाचून पटत नाही. कोरड्या डांबरावर घर्षणगुणांक ०.८ धरला, दाबलेल्या हिमावर ०.२ आणि बर्फावर ०.१ धरला, तर ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लागल्यावर डांबरावर आठ मीटरांत, हिमावर सुमारे बत्तीस मीटरांत आणि बर्फावर त्रेसष्ट मीटरांत थांबेल. चारही चाकांना जोर पुरविणाऱ्या मोटारीचे मालक येथे हमखास फसतात. तसली मोटार हिमातून सुटते झोकात. थांबण्यासाठी मात्र तिलाही तीच चार चाके आणि तेच रबर, कारण ब्रेक सर्वच मोटारींना चारही चाकांवर असतात.

नव्या टायराचे गुण जुन्यात राहत नाहीत, हीही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. काँटिनेंटल कंपनीच्या या जातीच्या एका टायरावर तळाच्या रबरातच डी, डब्ल्यू आणि एस अशी अक्षरे कोरलेली असतात, कोरड्यासाठी, ओल्यासाठी आणि हिमासाठी; झिजता झिजता सर्वांत आधी एस पुसला जातो आणि टायरवर पुष्कळ रबर शिल्लक असतानाच त्याचा हिवाळा संपल्याचे जाहीर होते. इतका प्रामाणिकपणा व्यापारात विरळा. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, तथापि ऑस्ट्रियात हिवाळ्यासाठी किमान चार मिलिमीटर लागतात, आणि हिमापुरता ऑस्ट्रियाचा आकडाच खरा मानावा. या व्यापारात आपलीही माणसे आहेत: वेगवान सर्वऋतू टायरांसाठी युरोपात नावाजलेली व्रेडेस्टाइन ही डच कंपनी २००९ पासून भारतीय अपोलो टायर्सच्या मालकीची आहे, आणि भांडुपला व नाशिकला कारखाने असलेली सीएट युरोपच्या बाजारासाठी हिवाळी आणि सर्वऋतू टायर विकते.

मग सिंगापुरात किंवा महाराष्ट्रात हा टायर घ्यावा काय? माझ्या मते नाही. महाराष्ट्रात जानेवारीच्या पहाटे सात अंशांच्या खाली जाणारी ठिकाणे मोजकीच, जसे निफाडची द्राक्षांची शिवारे, आणि फार तर वेण्णा तलावाकाठी हिमदव पडते तेव्हाचे महाबळेश्वर. सूर्य कासराभर वर आला की तोही प्रश्न मिटतो. येथे आणि तेथे खरा शत्रू पाऊस आहे. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग त्यातील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. अमेरिकेच्या नासा संस्थेतील संशोधकांनी काढलेल्या सूत्राप्रमाणे बत्तीस पौंडांना तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, आणि जुरोंग ईस्टजवळून जाणाऱ्या द्रुतगती मार्गांवरील कमाल वेगमर्यादा ९० आहे. नक्षी झिजून टायर गोटा झाला की एवढीही मुभा उरत नाही. तेव्हा या उष्ण प्रदेशांत ओल्या रस्त्याचा चांगला उन्हाळी टायर घ्यावा, खोली राखून वापरावा, आणि हिमाच्या चिन्हासाठी पदरचे पैसे वाया घालवू नयेत.

हिवाळी सहलीला निघणाऱ्या वाचकाला मात्र एवढीच विनंती. होक्काइदोत मोटार ताब्यात घेताना कागदांवर सही करण्यापूर्वी चारही चाकांजवळ जाऊन नक्षीची खोली पाहावी, टायरच्या कडेवरील अनुक्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते ते वाचावे, आणि पहिले वळण येण्यापूर्वी मोकळ्या जागी सावकाश ब्रेक दाबून मोटार किती अंतरावर थांबते ते स्वतः पाहून घ्यावे. मनालीहून अटल बोगद्याच्या पलीकडे जाणाऱ्यांनी तर साध्या टायरांच्या भाड्याच्या मोटारीने हिमात शिरूच नये. चाकांना साखळ्या बांधणारा स्थानिक चालक सोबत घ्यावा, आणि तो ‘आज रस्ता काचेसारखा आहे’ म्हणाला तर त्या दिवशी हॉटेलातच मुक्काम करावा.